६४ प्रोसेसर जोडायचे तर मेश, टोरस की हायपरक्यूब?

निशाचर: परवा पेपर आहे आणि एक गोष्ट डोक्यात शिरतच नाहीये. ६४ प्रोसेसर हायपरक्यूबमध्ये (बायनरी क्रमांकात फक्त एक बिट वेगळा असेल ते एकमेकांना जोडलेले) जोडले तर कुठूनही कुठेही जास्तीत जास्त ६ उड्यांत (एक वायर ओलांडली की एक उडी) पोचतो, ८ बाय ८ च्या मेशमध्ये (चौकटींच्या जाळीत) कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला १४ लागतात, मग सगळे हायपरक्यूबच का नाही बनवत?

खडूफळा: अरे उड्या मोजल्यास, आता पोर्ट मोज. हायपरक्यूबला प्रत्येक नोडवर (म्हणजे प्रोसेसरवर) ६ लिंक लागतात, मशीन १२८ चं केलं की ७, म्हणजे दुप्पट करायचं तर जुन्या प्रत्येक नोडला नवीन पोर्ट हवा. मेशचं ४ मध्ये भागतं, कितीही वाढव. आपल्या पुण्याच्या सीडॅक संस्थेचा परम ८००० सुपरकॉम्प्युटर बघ, १९९१ चा, त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपला चारच लिंक होत्या, तेवढ्यावर थेट हायपरक्यूब फक्त १६ नोडचा होतो.

उभीरेघ: वहीत मेश काढ आणि मधोमध उभी रेघ मार, ८ वायरी कापल्या जातात. कडा एकमेकींना जोडून टोरस केलास की १६, आणि उड्या १४ वरून ८ वर येतात. हायपरक्यूबला ३२. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं असेल, उदा. एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म), तर हा कापलेल्या वायरींचा आकडा फार महत्त्वाचा. पण हवामानाच्या मॉडेलमध्ये बोलणं मुख्यतः शेजाऱ्याशीच, तिथे मी डोळे झाकून टोरस घेईन, आयबीएमच्या ब्लू जीन/एल सुपरकॉम्प्युटरमध्येही थ्रीडी टोरसच होता.

निशाचर: रेघ मारून बघितली, आत्ता कळलं! फॅट ट्री (झाडासारखी फांद्यांची जोडणी) पण असंच कापून बघायचं का?

उभीरेघ: हो, मुळाशी काप, तिथेच वायरी जाड असतात.