अक्षर बरं आहे, एवढंच. चर्चमध्ये त्याचा काय उपयोग?

वाडीची_माहेरवाशीण:
मंडळी, माहेर सावंतवाडी, सासर म्हापशाजवळ. लग्नाला नऊ वर्षं झाली. घरात कोंकणी बोलते, पण शिकले मराठी शाळेत. त्यामुळे मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) गायनांचं पुस्तक हातात आलं की माझं घोडं अडतं. इकडे सगळं रोमी लिपीत. 'एक्स' दिसला की 'श' म्हणायचं, दोन 'एन' आले की 'ण', शब्दाच्या शेवटी 'एम' आला की तो नाकात जिरवायचा. हे जुळवेपर्यंत बाकीचे दुसऱ्या कडव्यावर पोचलेले असतात. आमच्या वाड्यावर अशा आम्ही पाचजणी आहोत, वेंगुर्ल्याच्या, बेळगावच्या. नुसते ओठ हलवतो.

मागच्या महिन्यात बैठकीत विचारलं, देवाच्या कामाला कोण काय देणार? कोणी गाणार, कोणी मुलांना दोतोर्न (धर्मशिक्षण) शिकवणार, कोणी आल्तारावर (वेदीवर) फुलं घालणार. माझ्याकडे काय? शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे असायचं, तेवढंच. म्हटलं, गायनं देवनागरीत लिहून काढते, मोठ्या अक्षरात, भिंतीवर लावायला. एक बाई हसल्या, "अगो, हांगा तें कोण वाचता?" मी गप्प बसले. घरी येऊन एक गायन लिहिलं मात्र. आता वाटतं, ही सेवा की माझीच हौस?

निवृत्त_मास्तर (फोंडा):
ताई, मी ख्रिस्ती नव्हे, तेव्हा सेवा की हौस ते तुमच्या फादरना विचारा. लिपीचं मात्र सांगतो. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने अकरा हजारांच्या घरात ओव्या रचून मराठीत ख्रिस्तपुराण केलं. १६१६ साली ते छापलं गेलं रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. ओवी मराठी, अक्षर फिरंग्याचं! देवनागरीत छापलेलं पुस्तक हाती यायला १९५६ साल उजाडलं. तुम्ही जे करताय ते त्याच कामाचं उरलेलं टोक आहे.

एक सूचना. लिहिताना कोंकणीचं मराठी करू नका. 'जेजू'चा 'येशू' केलात की चाल लंगडते. आणि 'ल' कुठे, 'ळ' कुठे हे एखाद्या जाणत्या बाईकडून तपासून घ्या. (अवांतर: सुविचार लिहिणाऱ्या मुलींची अक्षरं मला तीस वर्षांनीही ओळखता येतात.)

शिवोलीकार:
माझं मराठी कच्चं, सांभाळून घ्या. ती बाई हसली त्याचं कारण अक्षर नसेल. इथे रोमी की नागरी हा जुना तंटा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं ठरलं, ते रोमीवाल्यांना अजून सलतं. आमच्या पपांनी सगळी प्रार्थना रोमीत केली, त्यांना कोणी अडाणी म्हटलं तर मलाही राग येईल. म्हणून चार्ट करून भिंतीवर लावू नका. सुटी पानं करा, जिला हवं तिच्या हातात द्या.

हौसेचं म्हणाल तर बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला तो पोरगा बघा. पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या, त्यातून जेजूने हजारोंना जेवू घातलं. जवाची भाकर म्हणजे गरिबाचं जेवण. तेव्हा "एवढ्यांना हे कसं पुरणार?" असं विचारणारा परका नव्हता, आंद्रिया होता, बारा शिष्यांतला.

वास्कोची_सून:
माझी गत तुमच्यासारखीच! एक प्रत मिळेल का? झेरॉक्स चालेल. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करते.

वाडीची_माहेरवाशीण:
सगळ्यांचे आभार. मास्तर, 'ल-ळ' सासूबाईंनी तपासले, नऊ चुका निघाल्या. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, मी वाचत गेले आणि त्या पुस्तकात बोट ठेवून "ना, ना" करत गेल्या. एका गायनाला रात्रीचे साडेअकरा वाजले. नऊ वर्षांत आम्ही दोघी एवढा वेळ एका टेबलाशी बसलो नव्हतो.

भिंतीचा विचार सोडला. रविवारी बेळगावच्या वहिनीला मिसाआधी पान दिलं. ती बोट फिरवत गायली, अर्धा शब्द मागे, पण आवाज काढून. बाहेर आल्यावर पान परत देत म्हणाली, "चष्मा घरी राहिला की हेसुद्धा दिसायचं नाही गं, अजून मोठं काढ." त्यावर तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग पडलाय.

आता जाड पेनाने बोटभर उंचीचं अक्षर काढतेय. एका गायनाला तीन पानं लागतात. वास्कोच्या ताई, तुम्हाला बारीक अक्षर चालेल ना?