भाच्याला वेदपाठशाळेत घालावं का? (सत्तरी, गोवा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचा नऊ वर्षांचा आहे. वहिनी तो चार वर्षांचा असताना गेली आणि गेल्या पावसाळ्यात दादा स्कूटरवरून पडला तो पुन्हा उठलाच नाही. दादा गावच्या देवळात पूजेला होता. आता वाड्यावर आई आणि हा, दोघंच. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले. मी म्हापशाला दोन खोल्यांत राहते. सासूबाई अंथरुणावर, दोन मुली, दिवसभर नोकरी. रविवारी कदंबाच्या बसनं वाळपईला उतरून घरी जाते, तेवढंच.

घरातले सगळे म्हणतात, मुंज झालेली आहे, पाठशाळेत घाला, राहणं-जेवण फुकट आणि पुढं पोटाची चिंता नाही. त्यात चूक काही नाही. चवथीला आमच्याकडे भटजी मिळताना मारामार असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि पोराला कानही आहे. संध्याकाळी दिवा लागला की ओसरीवर बसून पुरुषसूक्त म्हणतो. अनुदात्त स्वराला हात खाली, स्वरित स्वराला वर, अगदी दादासारखा. सोळा ऋचांपैकी सातव्या ऋचेपर्यंत येतो आणि थांबतो. तिथवरच दादानं संथा दिली होती, म्हणजे तोंडी म्हणून घेतलं होतं. पुढचं पुस्तकातून वाच म्हटलं, तर मान हलवतो. आई आत तोंडाला पदर लावून बसते.

म्हणून मे महिन्यात त्याला घेऊन गोव्याबाहेरची एक पाठशाळा बघून आले. गुरुजी मायाळू वाटले. पहाटेच मुलं पाठाला बसली होती. गुरुजी एक चरण म्हणत, मुलं तो दोनदा म्हणत. हा दारात उभा राहून ओठ हलवत होता. पण कचेरीत माझ्यापुढं स्टँप पेपर ठेवला: बारा वर्षं मूल संस्थेच्या स्वाधीन, वर्षातून एकदाच घरी, मधेच नेलं तर झालेला खर्च भरायचा. दहावीचं विचारलं तर म्हणाले, वेद शिकणाऱ्याला दहावी कशाला? सही न करता परत आले. बसमध्ये त्यानं विचारलं, "आत्ये, तिथं आजी कधी येणार?"

तेव्हापासून झोप नाही. आम्ही त्याच्या विद्येसाठी त्याला पाठवतोय की आमच्या सोयीसाठी, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. असा कागद कायद्यानं चालतो का? वेद शिकूनही दहावी होते का? नाही रमला, तर शाळेत परत घेतात का? कुणी आपलं मूल घातलं असेल, तर खरं काय ते सांगा.

– आत्या

*

ताई, तो कागद विसरा. मूल स्वाधीन करणं फक्त बालकल्याण समितीपुढं होतं आणि तिथंही फेरविचाराला दोन महिने मिळतात. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४१प्रमाणे अनाथ-निराधार मुलं ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते, मग सरकारी अनुदान असो वा नसो. प्रमाणपत्र बघायला मागा. दाखवायला का-कू केली तर उठून या.

आधी दुसरंच करा. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,०००च्या आत लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करा. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्यातच लिहिलंय. घरी आजी आहे ना अजून.

– बार्देशकर

*

माझा मुलगा पाठशाळेत शिकलाय, म्हणून लिहितो. उज्जैनच्या महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी जोडलेली पाठशाळा बघा. तिथं पाच वर्षांचं वेदभूषण दहावीच्या बरोबरीचं आणि पुढची दोन वर्षं वेदविभूषण बारावीच्या. वेदाबरोबर गणित, विज्ञान, इंग्रजीही असतं. न जोडलेल्या ठिकाणी मूल कितीही तयार झालं तरी हातात कागद नसतो, आणि वेदपाठशाळांना २०१२च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यातून वगळलंय, त्यामुळं तिथं त्या कायद्याचा धाक नाही. मात्र चौदा वर्षांपर्यंत परत आला, तर साध्या शाळेला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं.

पहिलं वर्ष कठीण जातं. आमचा रात्री रडायचा. आम्ही दर महिन्याला जायचो, म्हणून टिकला. ज्याला भेटायला कुणी येत नाही, ते पोर गप्प होतं, हे मी तिथं पाहिलंय. जिथं महिन्याला भेटू देत नाहीत, तिथं घालू नका.

– फोंड्याहून

*

दोघांचेही उपकार. आई म्हणते, अर्ज कर, तोवर तो माझ्यापाशी. सोमवारी रजा काढून पणजीला जाते. गावची शाळा चालूच ठेवतो. बारा वर्षांचा झाला की त्यालाच विचारू. तोवर सत्तरीत कुणी रविवारी त्याला पुढची संथा देईल का? दक्षिणा देईन.

– आत्या

*

मी केरीला असतो. दक्षिणा नको. सातव्या ऋचेपर्यंत म्हणजे 'तं यज्ञं बर्हिषि' झालंय, पुढं 'तस्माद्यज्ञात्'. रविवारी चार वाजता येतो. त्याला सांगा, आधीच्या सात मला म्हणून दाखवायच्या.

– केरीकर