मदत हवी आहे: चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमची भांडणं वाढतात

लग्नाला 6 वर्षं झाली. दोघंही नोकरीला, राहतो गोव्यात म्हापशाला. चवथीला 5 दिवस पेडण्यात नवऱ्याच्या मूळ घरी. एरवी आमचं बरं चालतं, पण चवथीआधीचे पंधरा दिवस रोज काहीतरी पेटतं. गेल्या वर्षी वाद कशावरून? माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) कवंडळं, म्हणजे रानफळं, बाजारातून घ्यायची की रानातून आणायची! कवंडळं हे निमित्त, एवढं मलाही कळतं. खरं कारण अपुरी झोप, वाट्याचे पैसे, आणि कुणाला काय द्यायचं, काय आणायचं हे सगळं माझ्याच डोक्यात असणं.

करून पाहिलेलं: खर्चाचा आकडा आधी ठरवला, तो उपयोगी पडला. कामांची यादी केली, पण यादीची आठवण मीच करून द्यायची, म्हणजे पुन्हा कटकट मीच. भांडण तापलं की किमान 20 मिनिटं थांबा, असं मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात. म्हापशात ते जमतं. मूळ घरात 17 माणसं, थांबायला कोपरा कुठला? न्हाणीघरात गेले तरी कोणी दार वाजवतं.

सासूशी भांडण नाही, दारू नाही, मारहाण नाही. न जाणं किंवा उशिरा जाणं शक्य नाही, आणि नवरा समुपदेशकाकडे यायला तयार नाही.

तुमच्यापैकी कोणी कामांची आठवण ठेवण्याची जबाबदारीच नवऱ्याकडे दिली आहे का, आणि ती कशी? भरल्या घरात, बाकीच्यांना न कळता, भांडण तात्पुरतं कसं थांबवता?