सगळ्यांची तपासणी झाली म्हणे!

कोयत्याची लेक: काल एका गुरुजींची पोस्ट वाचली. 'आरोग्य तपासणीच्या रांगेत जात-पात, गरीब-श्रीमंत नसतं, सगळी लेकरं सारखी.' फोटो झक्कास. पण गुरुजी, रांगेत नसलेली मोजली का? १० फेब्रुवारीला जंताची गोळी. धारूरकडं आमच्या तांड्यावरची लेकरं तेव्हा आईबापासंगं ऊसतोडीला, फडात. आठवड्यानं राहिलेल्यांसाठी पुन्हा गोळी, 'मॉप-अप' म्हणतात, तेव्हाही फडातच.

सातवीत मी आजीपाशी मागं राहिले. गाडीतून आलेल्या डॉक्टरबाईंनी पापणी ओढून बघितली अन् सरांनी 'रक्त कमी'ची यादी वर्गात मोठ्यानं वाचली. दहावीपर्यंत मी 'पांढरी'. रक्तवाढीची निळी गोळी सगळ्यांनाच असायची, पण मी तोंडात टाकली की मागच्या बाकावर खी-खी.

निवृत्त मास्तर: यादी वाचल्याशिवाय पालकांना बोलवायचं कसं? एका मास्तरवर दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती. पोरगं मळमळलं की बाप आमच्याच अंगावर.

परभणीचा पाव्हणा: भेदभाव बघायचाय तर अंडी बघा. २०२३ ला शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. आमच्या पोराच्या शाळेत अंडेवाल्यांची पंगत वेगळी, संडासाच्या भिंतीकडं.

माळकरी: मग एकाच पळीनं वाढायचं का? घरात माळ आहे आमच्या.

परभणीचा पाव्हणा: पळी ठेवा की वेगळी. पंगत कामून वेगळी?

माळकरी: वास येतो.

देगलूरकर: भांडू नका. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं अंड्याचे पैसेच बंद केले. खा आता दोघं खिचडी.

माळकरी: बरंच झालं.

परभणीचा पाव्हणा: बोलला! भरल्या पोटाला बरंच वाटणार.

माळकरी: माझं पोट काढू नका. दोन एकर कोरडवाहू आहे माझी, या बघायला!

कोयत्याची लेक: धागा कशाचा, चाललंय कुठं! अंडं खायला आधी शाळेत असावं लागतं.

निवृत्त मास्तर: त्यासाठीच हंगामी वसतिगृहं आहेत ना? ठेवावीत लेकरं तिथं.

कोयत्याची लेक: आमच्याकडं ते सुरू झालं तेव्हा तोडीची टोळी जाऊन दोन महिने झाले होते. माझा भाऊ उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर झोपत होता तिकडं.

निवृत्त मास्तर: बरं बाई, यादीचं चुकलंच. चिठ्ठी घरी देता आली असती. पण आमचं तपासणीचं पथक साखर कारखान्यावर जाईल असं म्हणू नका, तो जिल्हा दुसरा.

कोयत्याची लेक: त्या जिल्ह्यातही पथक असतंच की, डॉक्टर, नर्स, गाडीसकट. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आमच्या कोप्या कुठं पळून जात नाहीत.

निवृत्त मास्तर: ते वरच्यांना विचारा.

माळकरी: केळं तरी चालू ठेवायचं होतं.