मदत हवी आहे: बाबांना पोटाचा कॅन्सर, हिमोग्लोबिन ६.८ होतं, त्यावरून पसरलाय की नाही कळतं का?

नमस्कार, आम्ही ठाण्याचे, बाबा ६४ वर्षांचे. रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारणारा माणूस अर्ध्या फेरीतच बाकावर बसायला लागला, आम्हाला वाटलं वय झालं. हिमोग्लोबिन केलं तर ६.८! घराजवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याने शी काळी होते म्हणाले म्हणून आम्ही निर्धास्त, पण ती गोळ्यांच्या आधीपासूनच डांबरासारखी काळी होती हे बाबांनी लाजून आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी एन्डोस्कोपी केली, जठराच्या खालच्या भागात जखमेसारखी गाठ, बायप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (आतल्या ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर).

सीटीत जवळच्या दोन-तीन लिम्फ नोड (लसिका गाठी) मोठ्या आहेत, लिव्हर आणि फुप्फुसं साफ आहेत. दोन बाटल्या रक्त चढवून ८.७ झालंय. सर्जन म्हणतात आधी पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीने आत बघू (लॅपरोस्कोपी), मग केमो. मामा म्हणतो एवढं रक्त कमी म्हणजे सगळीकडे पसरलंय, उगाच कशाला छळता त्यांना. आईने परवापासून धड जेवण केलेलं नाही. सीटी साफ असताना दुर्बीण खरंच लागते का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, सासऱ्यांच्या वेळी आम्हालाही असंच घाबरवलं होतं. रक्त कमी होतं ते बहुतेक वेळा गाठीतून रोज थोडं थोडं झिरपतं म्हणून, आणि गाठ जठरापुरतीच असली तरी ती झिरपते. ॲनिमिया असलेल्यांना सरासरीने आजार जड जातो हे खरं, पण नुसत्या त्या आकड्यावरून तुमच्या बाबांचा पसरलाय असं कोणी म्हणू शकत नाही. गाठ भिंतीत किती खोल गेलीय, नोड किती, पेशी कुठल्या प्रकारच्या, सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारा रक्तातला एक घटक), हे सगळं एकत्र धरूनही फक्त शक्यताच कळते. दुर्बीण मात्र नक्की करा. पोटाच्या आतल्या पडद्यावर राईएवढे दाणे असले तर सीटीत दिसत नाहीत, दुर्बिणीत दिसतात, शिवाय पोट सलाईनने धुऊन ते पाणीही पेशींसाठी तपासतात. भोकं छोटीच असतात. तिथे काही सापडलं तर उपचाराची दिशाच बदलते, म्हणून मामांना सांगा की हे छळणं नाही. बायप्सीवर हर टू टेस्ट (कॅन्सरच्या पेशींवर हर टू नावाचं प्रथिन जास्त आहे का ते बघतात, त्यावरून औषध ठरतं) झालीय का तेही विचारा.

दुसरं मत हवं असेल तर खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरायचं. बायप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही न्या, नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद दादा. आईला वाचून दाखवलं, मग तिने वरणभात खाल्ला थोडा. ब्लॉक अजून लॅबमध्येच आहेत, उद्या सकाळी जाऊन आणते. हर टूचं कोणीच बोललं नव्हतं, ते विचारते.