एचएसव्ही-२ (हर्पीसचा व्हायरस, टाइप २) आयजीजी १.६ 'पॉझिटिव्ह' आलंय, फोड कधीच आले नाहीत, काय समजायचं? (मदत हवी आहे)

गोंधळलेली_मी

नमस्कार मंडळी, विषय असा आहे की नेहमीच्या आयडीने लिहायचा धीर होईना म्हणून नवीन घेतलाय. कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा, नेटवर वाचून वाचून डोकं फुटायची वेळ आलीये.

आम्ही मुलाचा विचार करतोय म्हणून टॉर्च पॅनल (गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या इन्फेक्शनच्या रक्ताच्या टेस्ट) करायला सांगितलं, त्यात हर्पीस आयजीएम पॉझिटिव्ह आलं, मग टाइपप्रमाणे आयजीजी (ही दोन्ही अँटीबॉडीचीच नावं) केली तर एचएसव्ही-१ भरपूर जास्त आणि एचएसव्ही-२ १.६. खाली बारीक अक्षरात छापलंय की ०.९ च्या आत निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, म्हणजे झालेच की मी पॉझिटिव्ह. ताप येऊन गेला की ओठाच्या कोपऱ्यात पाण्याचे फोड येतात ते लहानपणापासूनच आहे, आईलाही येतात, त्याला आमच्यात कुणी आजार मानलंच नाही. पण खाली कधी म्हणजे कधीच काही नाही, फोड नाही, आग नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, ॲसायक्लोव्हिर लिहून दिलं, पाच दिवस घ्या म्हणाले आणि पुढचा पेशंट आत.

ओठावरचा तो टाइप १ आणि खालचा तो टाइप २ इतकं सोपं आहे का हे? आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नुकतंच झालंय असं सगळीकडे लिहिलंय, ते खरं का? फोडच नाहीत तर गोळ्या कशावर काम करणार? आणि मुख्य म्हणजे नवरा तोंडाने काही बोलत नाही पण रात्री मोबाईलवर त्या रिपोर्टची पीडीएफ मोठी करून करून बघत असतो. प्लीज, सल्ले चालतील, उपदेश नकोत.

सीरमवाला

ताई, आधी श्वास घ्या. मी लॅबमध्ये सेरॉलॉजीला (रक्तातल्या अँटीबॉडी तपासायच्या विभागात) काम करतो, डॉक्टर नाही, पण या आकड्यांशी रोजचा संबंध आहे.

आयजीएम सरळ बाजूला ठेवा. हर्पीसमध्ये ते टाइप १ का २ हे सांगत नाही, जुनं इन्फेक्शन डोकं वर काढतं तेव्हाही पॉझिटिव्ह येतं, आणि काही नसताना उगाचही येतं. 'आयजीएम म्हणजे ताजं' हा नियम इथे चालत नाही, तरी पॅनलमध्ये ते असतंच आणि लोक घाबरे होतात.

आता तुमचा १.६. दोन्ही व्हायरस एकमेकांसारखे आहेत, त्यामुळे टाइप वेगळा करायचा तर ग्लायकोप्रोटीन जी नावाच्या एकाच प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी शोधाव्या लागतात, टाइप २ साठी जीजी-२. पण मशीन दिसलेला सिग्नल मोजतं, तो खऱ्या अँटीबॉडीचा की नुसता चिकटलेला कचरा हे त्याला कळत नाही. म्हणूनच १.१ ते ३ मधले आकडे 'लो पॉझिटिव्ह' धरतात आणि त्यातले बरेच खोटे निघतात, त्यातही ज्यांना टाइप १ आधीपासून आहे त्यांच्यात जास्त. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली की दुसऱ्या पद्धतीने पक्कं करा, विशेषतः आकडा ३ च्या आत असेल तर. २०२३ मध्ये तिथल्या एफडीएनेही (औषधं आणि टेस्टना परवानगी देणारी संस्था) खोट्या पॉझिटिव्हबद्दल डॉक्टरांना आणि लॅबना सावध केलं होतं. पक्कं करायला वेस्टर्न ब्लॉट ही अँटीबॉडी शोधायची वेगळी टेस्ट सगळ्यात भरवशाची, पण ती मोजक्या ठिकाणीच होते.

थोडक्यात, १.६ वरून तुम्हाला एचएसव्ही-२ आहे असं मी म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही.

उगाच_शंका

मग ही टेस्ट करतातच कशाला?

सीरमवाला

चांगला प्रश्न. लक्षणं नसलेल्या माणसाची रूटीन टेस्ट करू नका, गरोदर बायकांचीसुद्धा, असंच अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सचं म्हणणं आहे, २०१६ ला होतं आणि २०२३ ला परत तेच. कारण हेच, खोटे पॉझिटिव्ह आणि घरातली भांडणं. फोड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्त नाही, फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर (थेट व्हायरसचं डीएनए शोधणारी टेस्ट) करायची, तीही फोड ताजा असताना, खपली धरली की व्हायरस सापडणं अवघड होतं.

दहा_गावचं_पाणी

मला एचएसव्ही-२ आहे, पीसीआरने पक्कं झालेलं, बरीच वर्षं झाली, त्यामुळे गोळ्यांचं मी सांगतो. टाइपचं म्हणाल तर ओठ आणि खाली ही वाटणी आता तितकी पक्की राहिली नाही, ओठावरचा टाइप १ तोंडाच्या संबंधातून खाली जातो आणि आता खालच्या पहिल्या इन्फेक्शनमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. फरक पुढे पडतो, खालचा टाइप १ सहसा फार परत येत नाही, टाइप २ पहिल्या वर्षी चांगलाच छळतो. आणि नागीण वेगळी बरं का, नाव हर्पीस झोस्टर असलं तरी तो कांजिण्यांचा व्हायरस, कुणी मिसळू नका.

व्हायरस कण्याजवळच्या नसांच्या गाठीत जाऊन झोपतो, तिथे कुठलीच गोळी पोचून त्याला मारत नाही. ॲसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर ही तिन्ही व्हायरस वाढत असतानाच त्याचं डीएनए बनणं अडवतात. म्हणून तुमच्या पाच दिवसांच्या कोर्सचं कारण मलाही कळलं नाही, त्याने रिपोर्टही निगेटिव्ह होणार नाही. मला मांडीच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात, कपडा घासला तरी नकोसं होतं, तेव्हाच गोळी घेतली तर कधी कधी फोड येतच नाही, एक दिवस उशीर झाला की आला. व्हॅलासायक्लोव्हिर ५०० दिवसातून दोनदा तीन दिवस असं मला लिहून दिलंय (किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, मनाने घेऊ नका). पहिल्या वेळेला मात्र ७ ते १० दिवस. मलमावर पैसे घालवू नका, खालच्या फोडांना त्याचा उपयोग फारच कमी.

वारंवार होत असेल तर रोज एक गोळी. २००४ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, एकाला एचएसव्ही-२ आहे दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांचा, रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यावर जोडीदाराला होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कंडोमनेही कमी होतं, पूर्ण थांबत नाही, कारण न झाकलेल्या कातडीवरूनही जातं, फोड नसतानाही.

गोंधळलेली_मी

दादा लोकहो, खूप आभार, हे एवढं कुणी समोर बसून सांगितलंच नव्हतं. एकच राहिलं, समजा पक्कं पॉझिटिव्ह निघालं तर ते कधी आणि कुणाकडून आलं हे कळतं का? आणि बाळाचं काय?

सीरमवाला

नाही कळत. आयजीजी वर्षानुवर्षं राहते, तारीख छापून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांत टाइप १ आहे, १५ ते ४९ वयात १३ टक्के लोकांत टाइप २, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. नवऱ्याला हा धागा वाचायला द्या.

बाळाचं म्हणाल तर जुनं इन्फेक्शन असलेल्या आईकडून बाळाला होणं फार क्वचित, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाकडे जातात. खरा धोका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नवीन इन्फेक्शन झालं तर. त्यामुळे तुम्ही निगेटिव्ह निघालात आणि नवऱ्याला असलं तर काळजी उलट जास्त घ्यावी लागेल. आणि आधीपासून असेल तर ३६ आठवड्यांपासून गोळ्या सुरू करतात, कळा सुरू होताना फोड असले तर सिझेरियन. हे आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा.

जाताना जुना रिपोर्ट बरोबर न्या, त्यावर टेस्टची पद्धत लिहिलेली असते, एलिसा किंवा सीएलआयए. दुसरी टेस्ट त्याच मशीनवर केली तर तीच चूक परत छापून येईल, वेगळी पद्धत मागा. आणि संबंध अलीकडचाच असेल असं वाटत असेल तर १२ आठवडे होऊ द्या, मग रक्त द्या.