मदत हवी आहे: अण्णांच्या पिकअपला पॉवर विंडो बसवायची आहे, कोणती सोय खरंच कामाला येते?

ओतूरची लेक:

नमस्कार मंडळी,

अण्णांची २०१५ ची पिकअप आहे, हँडल फिरवून काच खालीवर करायची. आठवड्यातून चार रात्री ते ओतूरहून माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला भाजी नेतात. बरोबर हेल्पर बहुतेक वेळा नसतोच. दिवाळीपासून त्यांचा उजवा खांदा आखडलाय. शुगर आहे, त्यामुळे बरा व्हायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले. स्टिअरिंग जमतं, पण काचेचं हँडल पाच-सहा वेळा फिरवताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मी शेजारी बसून पाहिलंय. आता ते काच अर्धी उघडीच ठेवतात. मग पावसात तोच खांदा रात्रभर भिजतो.

डाव्या काचेचा प्रश्न वेगळाच. गाडीला एसी नाही. पावसाळ्यात घाटात बाहेर गारठा आणि आत श्वासाची वाफ, नुसत्या ब्लोअरने समोरची काच निवळत नाही. दोन्हीकडच्या काचा दोन-दोन बोटं खाली केल्या की वारा आरपार जातो आणि समोरचं दिसायला लागतं. पण डाव्या हँडलपर्यंत हात न्यायचा तर गाडी थांबवावी लागते. रात्री धुक्यात घाटात उभी राहिलेली पिकअप मागून येणाऱ्याला दिसेल का? मला झोप लागत नाही ती याच विचाराने.

मेकॅनिकने दोन प्रकार सांगितलेत. साधं कीट सहा हजारांत, बटण दाबून धरलं तोवर काच चालते. दुसरं अकरा हजारांत: एकदा दाबलं की काच आपोआप पूर्ण खाली किंवा वर, शिवाय रिमोटने गाडी लॉक केली की दोन्ही काचा बंद. भाऊ म्हणतो ही चैन आहे, त्यापेक्षा टायर घेऊ. अण्णा म्हणतात, घाटात काच अडकली तर? हँडल निदान हातात तरी असतं. कोणी बसवून घेतलं असेल तर सांगा. माझा चार वर्षांचा भाचाही सुट्टीत त्या केबिनमध्येच खेळतो, तेही लक्षात घ्या.

वायरमन संगमनेर:

ताई, बसवून घ्या, चैन नाही. पण मोटर घ्यायच्या आधी दारातला काचेचा रबरी चॅनल बघा. पिकअपच्या चॅनलमध्ये वर्षानुवर्षांची माती बसलेली असते. काच हाताला जड जात असेल तर मोटरलाही जडच जाणार. मग ती जास्त करंट ओढते, तापते आणि लवकर जाते. चॅनल साफ करून सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको, त्याला धूळ चिकटते.

वायरिंग हेडलाइटच्या वायरला जोडून देतो म्हणाला तर नाही म्हणा. बॅटरीपासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा फ्यूज आणि रिले, म्हणजे मोटरचा जादा करंट बटणाऐवजी स्वतःवर घेणारा स्विच. बॉडीतून दारात जाताना वायरवर रबरी नळी हवीच. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, नळी नसेल तर वायर बिजागरीपाशी तुटते.

अण्णांच्या शंकेवर उपाय आहे. काही कीट जुन्या हँडलच्याच दांड्यावर बसतात, दारातली काच उचलणारी कैची बदलत नाही. असं कीट घ्या आणि जुनं हँडल डॅशबोर्डच्या खणात ठेवा. मोटर गेली तर कीट काढून हँडल परत लावता येतं. वाटेत ते कसं काढायचं, हे बसवतानाच अण्णांना करून दाखवायला सांगा.

ह्यूस्टनकर:

माझ्याकडे इथे टेक्सासमध्ये पिकअप आहे, सगळ्या सोयी कंपनीकडूनच आल्या. उन्हात उभ्या गाडीच्या काचा किल्लीवरून खाली करता येतात, ते मी उन्हाळ्यात रोज वापरतो. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ काचा चालतात, तेही बरं पडतं. पण तुमच्या कामाला यातलं काही लागेलसं वाटत नाही.

भाच्याबद्दल मात्र मनापासून सांगतो. इकडे मुलांचा गुडघा किंवा कोपर बटणावर पडून काच वर गेली आणि मुलं दगावली आहेत. म्हणून आता इथल्या नियमानुसार बटण वर ओढल्याशिवाय काच वर जात नाही. आणि कोणी बटण धरलेलं नसताना, म्हणजे रिमोटने वगैरे, काच बंद होणार असेल तर मध्ये काही आल्यावर ती १०० न्यूटन जोर, म्हणजे साधारण १० किलोचा दाब, पडायच्या आत उलटी फिरली पाहिजे. तुमच्या मेकॅनिकला विचारा, अकरा हजारांच्या कीटची काच अशी मागे फिरते का? फिरत नसेल तर लॉकबरोबर काच बंद होण्याची सोय घेऊच नका.

घाटवाट:

मी पण माळशेजवरचाच, सतरा वर्षं टेम्पो चालवतो. टोलवर २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, तिथे काच उघडायचं काम राहिलं नाही. पण वजनकाटा, मार्केटचं गेट, पोलीस, रिव्हर्स घेताना मागच्या माणसाचा आवाज, याला काच लागतेच.

बटणं कुठे लावताय ते कोणी विचारलं नाही. दारावर लावली तर परत उजवाच हात. दोन्ही बटणं मध्ये, गिअरच्या पुढे लावा. डावा हात गिअरवर असतोच, खांद्याला काम राहत नाही. बटणाला बारीक लाइट असू द्या, रात्री चाचपडायला नको.

आपोआप वर जाणारी काच घाटात कामाची आहे, खोटं कशाला बोलू. समोरून ट्रक चिखल उडवत आला की एकदा दाबलं आणि हात परत गिअरवर. पण घरात लहान पोर असेल तर ताई, मीसुद्धा ती घेणार नाही. खाली जाताना एका दाबात, वर येताना दाबून धरायचं, असं मिळतं.

ओतूरची लेक:

सगळ्यांचे आभार. दादा, बटणांच्या जागेचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मेकॅनिकला विचारलं. महागड्या कीटची काच मागे फिरत नाही, असं त्यानेच कबूल केलं. मग हँडलच्या दांड्यावर बसणारं साधं कीट घेतलं, उजवीकडे फक्त खाली जाताना एका दाबाचं. बटणं गिअरपुढे, मेन बटण वेगळं. गाडी उभी असताना ते बंद ठेवायचं, म्हणजे भाच्याचा हात लागला तरी काच हलणार नाही. हँडल काढ-घाल अण्णांनी अंगणात दोनदा करून पाहिली.

काल रात्रीची पहिली फेरी झाली. घाटात कुठेही थांबावं लागलं नाही, असं अण्णांनी कल्याणहून फोन करून सांगितलं.

एक शंका राहिली. डावी काच वर येताना शेवटची दोन बोटं फार हळू सरकते. चॅनल साफ केलाय, स्प्रेही मारलाय. संगमनेरचे दादा, चॅनलच बदलायचा का, की काच तिरकी बसली असेल? पुढची फेरी परवा रात्री आहे, त्याआधी दार उघडून बघायचं आहे.